पाच गुणांचं सॉल्ट

बाबा गेले त्यानंतर महिन्याभरानं, शेंगा सोलता सोलता, आईनं मला हे सांगितलं.

रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा, आईचा दुसरा प्रयत्न. "या खेपेला नापास झालीस तर शिक्षण पुरे, लग्न ठरवून टाकतो," असं मोठ्या भावानं बजावलेलं. घाईत तिनं ओळखायला मिळालेलं सगळं सॉल्ट एकाच टेस्ट ट्यूबमध्ये विरघळवलं आणि अमोनियाचे चार थेंब टाकले. तांबं असेल तर रंग गर्द निळा यायला हवा... आला फिकट, फाटल्या दुधासारखा गाळ. घाबरून तिनं तो बेसिनमध्ये ओतला!

साहित्य देणाऱ्या खिडकीत एक किडकिडीत लॅब असिस्टंट बसला होता. तेच माझे बाबा.

"थोडं सॉल्ट मिळेल?"

"मिळेल. पाच गुण कापून."

"पाच! तुमच्या घरचं आहे का?"

"घरचं असतं तर — डबा भरून दिलं असतं."

ती हसली नाही. म्हणजे हसली, पण मान वळवून.

पाच गुण गेले की नापासच. "राहू द्या," ती म्हणाली.

टेस्ट ट्यूबच्या तळाशी अजून थोडासा गाळ चिकटला होता. तिला आठवलं, तांब्याच्या एका अणूभोवती अमोनियाचे चार रेणू बसतात. आपण पुरेसे दिले तरी का? तिनं पुन्हा अमोनिया घातला. एक थेंब, पाच, दहा... गाळ विरघळला, आणि असा गर्द निळा रंग उतरला की खिडकीतून टाळी ऐकू आली. परीक्षकांनी डोळे वटारले.

निकालाच्या दिवशी बाबा फलकापाशी आधीच हजर. "तीन गुणांनी पास!"

"अमोनिया कमी पडलाय हे तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर... गुण माझे झाले असते. तुम्ही आज अशा चालत आला नसतात."

"अशा म्हणजे?"

"जग जिंकल्यासारख्या."

आईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "मग चला. माझ्या घरी."

दारातच भाऊ. "हे कोण?"

"दादा, मी पास झाले. पुढंही शिकणार. आणि लग्न करीन तर यांच्याशीच."

"यांना विचारलंस का?"

आई गर्रकन वळली. "विचारते की! — काय हो, कराल?"

बाबांचं चपला काढणं अर्धवटच राहिलेलं: एक पायात, एक हातात. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बाबा म्हणाले, "हो!"