स्कॉटलंडची रंगीत तालीम

कसबा पेठेत गाडी लावायला जागा शोधणारा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर प्रेमात पडणार असतो. गंधार दोन्ही होता.

कादंबरीच्या टूर कंपनीच्या ऑफिसात डोकावून त्याने विचारलं, "अहो, गाडी कुठे लावू?"

"इथे?" कादंबरी मान वर न करताच म्हणाली. "इथे स्वतःची सावलीसुद्धा घडी करून ठेवावी लागते. स्कॉटलंडला जा. तिथे ऐसपैस जागा आहे."

मग तिने मान वर केली... आणि ती आधीच करायला हवी होती, असं तिला वाटलं.

"बरं," तो खुर्ची ओढून बसला, "स्कॉटलंडच दाखवा. आईबाबांसाठी. मोठी काळी गाडी, गणवेशातला ड्रायव्हर, तळ्याकाठची हॉटेलं — सगळं राजेशाही!"

तेवढ्यात त्याची गाडी पोलिसांनी उचलून नेली. त्याला ते तासाभराने कळलं, आणि वाईट मुळीच वाटलं नाही.

मेलवर झालं असतं असं काम. पण गंधार दर शनिवारी खराडीहून यायचा. कधी हॉटेलची खिडकी पूर्वेला हवी, कधी किल्ला फार थंड वाटतो. कादंबरीही कमी नव्हती. तिने तळी बदलली, डोंगर बदलले, एकदा तर अख्खं बेट पुढच्या शनिवारवर ढकललं.

अडचण एकच — बाबा. यज्ञेश्वरराव कुठल्याही वाहनात बसले की चालकाला रस्ता सांगत. एकदा त्यांनी हवाईसुंदरीबरोबर वैमानिकाला निरोप धाडला होता, "पुढे ढग दिसतोय, जरा डावीकडून घ्या." विमान वळलं, असं शपथेवर सांगणारे लोक आहेत.

"तिथल्या ड्रायव्हरला हे चालणार नाही," कादंबरीने बजावलं. "आधी तालीम. खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं. काका मागे बसणार, आणि गप्प बसणार."

"एक शब्द जरी बोललात," गंधारची आई आनंदीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तर तुम्ही घरी. मी मुक्ताईला घेऊन जाईन." मुक्ताई त्यांची धाकटी बहीण. तिने ऐकल्या ऐकल्या स्वेटर उन्हात टाकला.

रविवारी सकाळी भाड्याची मोठी गाडी आली. चालवायला गंधार — टोपी, पांढरे हातमोजे, सगळा थाट. शेजारी कादंबरी, मागे आईबाबा.

"ड्रायव्हर जरा जास्तच देखणा आहे," ती हळूच म्हणाली.

"मॅडम, ड्रायव्हरशी बोलू नये. लक्ष विचलित होतं."

"रस्त्यावरून?"

"छे... रस्त्याकडे आहेच कुठे?"

ती खिडकीबाहेर बघत हसली. पण आत कुठेतरी धाकधूक होती. तालीम पार पडली की बुकिंग पक्कं; बुकिंग पक्कं की शनिवार संपले. हा आज विचारणार, याची तिला खात्री होती. नाहीच विचारलं, तर आपण विचारू. पण त्याला एक संधी तर द्यावी!

धरण आलं. पाणी उन्हात लखलखत होतं. गंधारने गाडी वळवली, आडवाटेला लागला, पुन्हा धरणापाशी आला. पुन्हा वळला. पुन्हा धरण! आणखी एकदा वळला, आणि समोर धरणच! कणीसवाला आता ओळखीचं हसला. मागे यज्ञेश्वररावांचा चेहरा आधी गुलाबी, मग लाल, मग पिकल्या जांभळासारखा झाला. गंधारचे ओठ हलत, कादंबरीकडे चोरटी नजर जाई, आणि गिअर बदले.

"अरे गधड्या!" मागून स्फोट झाला. "रस्ता तुला चांगला ठाऊक आहे. धीर होत नाहीये तुझा! विचार तिला एकदाचं. मी बसतो घरी... नको मला स्कॉटलंड!"

गाडी पाण्याकाठी थांबली. हातमोजे काढता काढता गंधारची बोटं अडकली.

"कादंबरी, बुकिंग झालं तरी... म्हणजे शनिवारी मी — नाही, रोजच... तुम्ही मला फार आवडता. जन्मभर पुरेल इतकं."

"एवढंच सांगायला तीन फेऱ्या?"

"चौथीही मारली असती."

"मारू दिली असती," ती म्हणाली. "मला कुठे घाई होती?"

मागून यज्ञेश्वररावांनी सुस्कारा सोडला. "चला. मुक्ताईला कळवा. बॅग भर म्हणावं."

"काही नको कळवायला," कादंबरी मागे वळली. "काका, तुम्हीच जाताय. तिथल्या ड्रायव्हरला रस्ता सांगायचा नाही, एवढंच. घरच्या ड्रायव्हरला सांगितलेला चालतो."

"घरच्या?" आनंदीबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "ऐकलंत? *घरच्या* म्हणाली!"

गंधारने गाडी सुरू केली; हॉर्न, वायपर आणि दिवे एकदम चालू झाले. कादंबरीने एकेक करून बंद केले, आणि मग तिचा हात त्याच्या हाताशेजारीच राहिला.

घरचा रस्ता उजवीकडे होता. त्याने गाडी डावीकडे वळवली. मागच्या सीटवरून चकार शब्द आला नाही.