वजीरचा दुसरा धनी

अंडी आणायची म्हणून सत्यशीलाबाई उन्हे चढण्यापूर्वीच बोरीच्या बाजारात गेल्या होत्या. खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्यांना पावसाळा आणि हिवाळा मुलाकडे पुण्यात काढावा लागला होता. शेतातल्या घरी परतून त्यांना थोडेच दिवस झाले होते. काठीवाचून चालणे जमत नसे, आणि खाली वाकायला तर डॉक्टरांनी कायमची मनाई केली होती.

दुकानात शेजारच्या शेताचे बन्सीधर भेटले.

"सिस्टरबाई, अंडी कुणाला? तुमाला का वजीरला?"

"वजीरला. मला भाकर पुरती."

"कुत्र्याची मजा हाय बगा! आमची बायकू आमाला सणालाबी अंडं दावत न्हाई."

"तुमीबी काठी तोंडात धरून आणा. तुमालाबी देते."

दुकानातली मंडळी हसली. बाईंनी अंड्यांची पिशवी मनगटात अडकवली आणि त्या शेताच्या वाटेला लागल्या. वरकरणी ही थट्टा होती. पण त्या अंड्यांवर त्यांचे सारे घर टेकलेले होते.

त्या पुण्याहून निघताना त्यांचा मुलगा धम्मानंद याने स्पष्ट अट घातली होती. "आई, तू पुन्हा पडलीस आणि फोन हाताला लागला नाही, तर तिथं कोण आहे? मी बुद्ध पौर्णिमेला येतो. वजीरनं माझ्यासमोर फोन आणून दिला, तर खुशाल राहा. नाही तर घर विकून टाकू." बाईंनी ती अट हसत मान्य केली होती, कारण वजीरला त्यांनी स्वतः शिकवले होते. चष्म्याची डबी, किल्ल्या, काठी, जे सांगावे ते तो आणून देई. आणि तेही त्यांच्या उजव्या हातातच, बोटे मिटल्याची खात्री पटल्यावर तोंड उघडून. सरकारी दवाखान्यात सारी हयात परिचारिका म्हणून काढलेल्या बाईंना वस्तू हातात देण्याची रीत ठाऊक होती.

परंतु परतल्यावर पाहावे तो, इतके महिने बन्सीधरांच्या भाकरीवर शेतातच राहिलेला वजीर आणायला तयार नव्हता. तो बाईंच्या अंगावर उड्या मारी, पाय चाटी, रात्री खाटेखाली झोपे. मात्र "आण" म्हटले की तो वस्तूकडे पाही, मग बाईंकडे पाही आणि तोंड फिरवून बसे. दुसऱ्याच्या नोकराला आपण काम सांगावे आणि त्याने अदबीने न ऐकल्यासारखे करावे, तसे ते बसणे होते.

बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. बाभळीच्या गुळगुळीत लाकडाला फडके गुंडाळले. ओरडायचे नाही, ओढायचे नाही. लाकूड नुसते हुंगले तरी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. तोंडात धरले तर मोठा तुकडा. अंतर आधी हातभर, मग खोलीभर. हळूहळू वजीर लाकूड उचलू लागला.

अंडी आणली तो दिवस कडक उन्हाचा होता. परभणीकडचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला वेगळे सांगायला नको. काळ्या रानाला पडलेल्या भेगांतून भट्टीसारखी धग वर येत होती आणि पत्रे अधूनमधून कडकड वाजत होते. पाखरूसुद्धा बोलत नव्हते. दारे लावून बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी लाकूड भिंतीकडे टाकले.

"वजीर, आण."

वजीर गेला. त्याने लाकूड उचलले, तो वळला. बाईंनी उजवा हात पुढे केला. वजीर जवळ आला… आणि त्या हाताला वळसा घालून आतल्या खोलीत निघून गेला.

काठी टेकत बाई त्याच्यामागे गेल्या. आतल्या खोलीत रांजणाशेजारचा कोपरा होता. तिथे अंधूक, गार आणि ओल्या मातीचा वास असे. आज त्या वासात आणखी काहीतरी मिसळले होते. फार दिवस न उघडलेल्या पेटीसारखे. वजीर कोपऱ्यासमोर पोटावर निजला होता. मान लांबवून, हनुवटी जमिनीलगत ठेवून त्याने ते लाकूड पुढे धरले होते. तो वाट पाहत होता. अगदी बाईंनी शिकवले होते तशी, समोरचा हात मिटेपर्यंत.

मग त्याने तोंड उघडले.

लाकूड पडले नाही.

एक श्वास घ्यावा एवढा वेळ ते जमिनीपासून वीतभर उंचीवर तसेच राहिले. नंतर ते सावकाश, आवाज न करता खाली टेकले. वजीरने शेपटी हलवली.

आल्या दिवशी याच कोपऱ्यात बाईंना फणी, चमचा, दोऱ्याचे रीळ, औषधाची रिकामी बाटली अशा वस्तूंची ओळ सापडली होती. उंदरांना बोल लावून त्यांनी त्या बन्सीधरांकडून उचलवून जागच्या जागी ठेवल्या होत्या. मागच्या दाराची खालची फळी निखळली होती. वजीर तिथून आत-बाहेर करीत असावा, असे बन्सीधर म्हणाले होते. तो आत येऊन काय करीत होता, ते आता बाईंना कळले. वजीर आणायचे विसरला नव्हता. तो रोज आणत होता.

बाईंनी काठी कोपऱ्याकडे रोखली.

"कोण हाय?"

रांजण तेवढा पाझरत होता… टप्… टप्…

"कोणबी असा. मी घर बंद करून गेलते. सोडून न्हाई."

संध्याकाळी त्यांनी बन्सीधरांना हे सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "बाई, इतके महिने घर मोकळं व्हतं. मोकळ्या घरात कोण येऊन बसंल, सांगता येत न्हाई. कुणी जाणता बोलवू का? लिंबू-नारळ…"

"बन्सीधर, माझ्या बापानं घरातले देव काढले, अंगारे-धुपारे काढले, गावाच्या शिव्या खाल्ल्या. आन् आता मी भुताला जेवू घालू? माझा कुत्रा हाय, मीच शिकवीन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्ची आतल्या खोलीत नेली आणि कोपऱ्याकडे पाठ करून त्या तिच्यात बसल्या. आता वजीरला कोपऱ्याशी जायचे तर बाईंना ओलांडावे लागणार होते. तो लाकूड घेऊन येई, घुटमळे, बाईंच्या खांद्यावरून मागे पाही आणि कण्हल्यासारखा आवाज काढी. बाई हात पुढे धरून बसत. हात भरून आला तरी खाली घेत नसत. आणि एके दुपारी वजीरने ते लाकूड त्यांच्या तळहातावर ठेवले. त्याच क्षणी त्यांच्या मानेवरचे केस कुणी फुंकर घालावी तसे हलले.

बाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी वजीरला अख्खे अंडे दिले.

बुद्ध पौर्णिमेला धम्मानंद आला. दोघांनी वंदना घेतली, खीर खाल्ली. मग त्याने फोन बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि आईला आतल्या खोलीत चटईवर जपून निजवले. जमिनीवर निजल्यावर तो कोपरा बाईंच्या अगदी शेजारी आला. ओल्या मातीचा वास नाकात भरला.

"वजीर, फोन आण."

नखांचा आवाज आला. वजीर फोन तोंडात धरून उंबऱ्यात आला… आणि बाई व कोपरा यांच्यामधोमध थांबला. त्याने बाईंकडे पाहिले. कोपऱ्याकडे पाहिले. मग तो हळूहळू पोटावर निजू लागला.

"आई," धम्मानंद हलक्या आवाजात म्हणाला, "राहू दे. आपण पुण्याला जाऊ."

बाईंनी कुत्र्याकडे पाहिलेच नाही. मान कोपऱ्याकडे वळवून, दवाखान्यात हट्टी रोग्याशी बोलत तशा त्या पुटपुटल्या, "त्याला सोड. ते मुकं जनावर हाय. तुला काय पाहिजे ते मला सांग… माझ्याशी बोल."

वजीर उठला. तीन ढांगांत येऊन त्याने फोन बाईंच्या उजव्या हातात दिला.

"कुणाशी बोललीस तू?" धम्मानंदने विचारले.

"कुत्र्याशी. दुसरं कोण हाय इथं?"

धम्मानंद शब्दाला जागला. दाराची फळी बसवून तो एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर एक कडे पडलेले बाईंना दिसले. पितळेचे, हिरवा थर चढलेले. तान्ह्या मुलाच्या हातात घालतात तेवढेच. ते त्यांच्या घरातले नव्हते. बाई त्याला ओलांडून गेल्या. पुढच्या सकाळी ते खोलीच्या मध्यावर होते. त्यानंतर खाटेपाशी. वजीर त्याला शिवत नसे. जवळ बसून नुसता बाईंकडे पाहत राही.

आता आपल्यालाच कुणी "आण" म्हणते आहे, हे बाईंच्या ध्यानात आले, पण त्या डगमगल्या नाहीत. "मी वाकत न्हाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. "डॉक्टरची मनाई हाय."

मग सकाळी कडे स्टुलावर होते, बसल्या जागी हात जाईल अशा बेताने ठेवलेले. बाई दिवसभर हाताची घडी घालून त्याच्यासमोर बसल्या. जेवल्यासुद्धा तिथेच. त्यांनी हात लावला नाही.

पुढच्या पहाटे स्टूल रिकामे होते. कडे कोपऱ्यात होते, आणि बाईंच्या उजव्या तळहातावर हिरवा डाग होता.

बन्सीधरांनी तो डाग पाहिला आणि हात जोडले. "सिस्टरबाई, ऐका माझं. आमच्याकडं चला. घर काय, कुठंबी बांधता येतंय."

"घर माझं हाय. पडून राहणाऱ्याचं न्हाई," बाई म्हणाल्या आणि चिंचेचा कोळ घेऊन त्यांनी तळहात खसाखसा घासला. डाग गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा आला. त्यांनी पुन्हा घासला. असे रोज चालले आहे. आज ना उद्या तेच थकेल, आपल्या घरात चिंच भरपूर आहे, असे बाई सर्वांना सांगतात. धम्मानंदला त्यांनी फोनवर सांगितले आहे की वजीर आता उत्तम काम करतो, काळजी नसावी.

आज सकाळी मात्र तळहात स्वच्छ होता. हिरवी खूण मनगटाभोवती होती. बारीक, अखंड, चहूकडून सारखी. कडे कोपऱ्यात पडलेले होते. बाईंनी काठीच्या टोकात अडकवून ते वर उचलले, उजेडात धरले आणि त्यातून आपली बोटे घालून पाहिली.

तीन बोटांच्या पुढे ते जात नव्हते.