मांडीवरची खूण

धाराशिवच्या त्या दवाखान्यात हर्षाली आणि मल्हारची गाठ घातली ती एका हट्टी चाकानं. सोनोग्राफीच्या मशीनची गाडी आयसीयूच्या उंबऱ्यावर अडून बसली होती आणि हर्षाली तिला कमरेनं रेटत होती. बाकावरचा एक उंच तरुण उठला, गाडी अलगद उचलून त्यानं आत ठेवली.

"आत कुणाचं बाळंतपण हाय का, मॅडम?"

"नाही... बिरदेव काकांची मांडी बघायचीय."

त्याचं हसू मावळलं. ते त्याचेच वडील होते.

बेंबळीचे बिरदेव म्हणजे जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. न्यूमोनियानं त्यांना आडवं केलं आणि नऊ दिवसांपासून श्वाससुद्धा मशीन देत होतं. हर्षाली मूळची मुरूमची, या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. पडून राहिलं की मांडीचा स्नायू झिजतो, पण वरून सूज असल्यानं पाय भरल्यासारखा दिसतो, हे तिनं मल्हारला समजावलं. त्यानं वडिलांची मांडी बोटांनी हलकेच दाबली.

"व्हय. हे मांस न्हाय, पाणी हाय. मेंढीच्या पाठीवर हात ठेवला की आमाला कळतंय."

सोनोग्राफीनंही तेच सांगितलं. मग हर्षालीनं मशीनकडं बघायचं सोडून त्याच्या बोटांकडं का बघितलं, हे तिला विचारू नका. तिनं मांडीवर पेनानं एक आडवी रेघ मारली. दर वेळी स्नायूची जाडी मोजायची ती नेमकी तिथंच. पहिला आकडा आला वीस मिलिमीटर. आठवड्यानं तो सतरावर उतरला.

हर्षालीनं हट्ट धरला की श्वासाच्या मशीनवर असतानाच काकांना पलंगाच्या काठावर बसवायचं, पाय हलवायला लावायचे. विभागाचे प्रमुख रणधीर सर सावध माणूस. पुढच्या सोमवारपर्यंत घसरण थांबली नाही तर हे बंद, असं त्यांनी बजावलं. बंद झालं तर काका कदाचित वाचतील, पण पुन्हा मेंढरांमागं चालणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मल्हारलाही.

मग तो रोज भेटीच्या वेळेला यायचा आणि ती दाखवेल तसे वडिलांचे पाय वाकवायचा. एकदा हुरडा घेऊन आला. पेशंटच्या नातेवाइकाकडून काही घेत नाही, असं तिनं सांगितलं.

"आन् नातेवाईक नसलो तर...?"

"तर आत कुणी सोडलं असतं तुम्हाला? गुडघा वाकवा. त्यांचा... तुमचा नाही."

सोमवारी आकडा आला एकोणीस. नर्सनं टाळी वाजवली, सरांच्या भुवया वर गेल्या. हर्षालीला तर आभाळ ठेंगणं झालं. बाहेर येऊन तिनं मल्हारला सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. तो खाली निघून गेला आणि दहा मिनिटांनी जिना चढून परत आला.

"मॅडम... अंग पुसताना ती रेघ गेली हुती. मेंढराचा खुणेचा रंग उडला की आमी परत लावतो, तसाच म्या अंदाजानं ठिपका दिला. तुमची खूण हरवू नये म्हणून. पर जागा दोन बोटं वर गेली असंल."

वर मांडी मुळातच जाड. आकडा फुगला होता तो त्यामुळं. हर्षालीला राग आला, आणि तो राग निम्मा स्वतःवर होता, कारण रेघेच्या जागी ठिपका दिसूनही आनंदात तिचं लक्ष गेलं नव्हतं. गप्प बसली असती तर व्यायाम चालू राहिले असते, शाबासकीही मिळाली असती.

तिनं टेप घेतली, कमरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत पहिल्यासारखंच माप घेऊन रेघ मारली, मशीन पुन्हा लावलं. सोळा. कागद घेऊन ती सरांपुढं उभी राहिली. चुकीचा आकडा आपणच दिला, खरा सोळा आहे, एवढं तिनं सांगून टाकलं.

सरांनी कागदावरचे आकडे एकाखाली एक ताडून पाहिले.

"पहिल्या आठवड्यात तीन गेले, दुसऱ्यात एकच. थांबायचं नाही. जी मुलगी कमी आकडा स्वतःहून आणून देते, तिच्या आकड्यावर मी पेशंट चालवीन."

दाराबाहेर मल्हार उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी ती ताठ मानेनं चालली आणि तो तिच्याकडं बघत राहिला.

पुढं आकडा सोळावर टिकला, मग सतरा झाला. श्वासाची नळी निघाली. महिन्याभरानं बिरदेव वॉकर धरून, कुणाचा हात न घेता, दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेले. हर्षालीचे डोळे भरले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"आजपासनं मी पेशंटचा नातेवाईक न्हाय," मल्हार हळूच म्हणाला. "म्हणून इचारतो... मुरूमला तुमच्या घरी आलो तर चालंल का? मेंढरंवाला हाय, हे आधीच सांगतो."

"आईला मी कालच सांगितलंय."

"काय?"

"की तो मेंढरं राखतो. आणि चूक झाली तर जिना चढून परत येतो." ती थांबली. "मला तुमचा लई अभिमान वाटतो, मल्हार. येताना काकांना आणा. दारातून आत ते स्वतःच्या पायांनी येऊ द्या."