गोल, चौकोन आणि गुरुवार

“दादा, ही गाय... हिचे कान शिंगांच्या वर गेलेत.”

मी हळूच म्हणाले, तरी त्या मुलाचा माऊस थबकला. बालाघाटच्या बसस्टँडजवळचं ते फ्लेक्सचं दुकान. आमच्या भजनी मंडळाचा गोपाळकाल्याचा बॅनर न्यायला मी आले होते आणि स्क्रीनवरची गाय बिचारी सशासारखी दिसत होती.

त्यानं आधी गायीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग तुमीच काढा न, मॅडम!”

“मले कुठं येते?”

“गोल येते? चौकोन? तिकोन?”

“ते तर कोनालेबी येते.”

“मंग गायबी येते. बसा.”

मी पदर सावरून बसले. आडवा चौकोन — त्याचे कोपरे गोल केले, झालं पोट. चार उभ्या पट्ट्या, पाय. अंड्यासारखा लांबट गोल, तोंड. मग त्यानं एका गोलावर दुसरा गोल ठेवला, वरच्यानं खालचा कापला... आणि चंद्रकोर उरली. शिंगं! कान मी स्वतः लावले, शिंगांच्या खाली.

“आता पाहा,” म्हणत त्यानं गाय ओढून भिंतीएवढी केली. “कितीबी मोठी करा, कडा फुटत नाही.”

“गोपाळकृष्ण!” माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. मला नाही हसला — मी नीट पाहिलं.

“उद्या दुपारी या. दुकान रिकामंच राह्यते, शिकवतो.”

“हौ, दादा.”

“अश्विन म्हणा न. दादा म्हननारे लय हायेत इथं.”

मग मी रोज जाऊ लागले. स्क्रीनवरच्या, हवी तशी रेघ ओढणाऱ्या ‘पेन’ला हात लावायचा नाही, ही त्याची अट. महिनाभर फक्त गोल, चौकोन, तिकोन. त्यातून बैलगाडी उभी राहिली, मोर नाचला. एकदा मी धानाची लोंबी काढत होते, एकेक दाणा वेगळा. तो मागे येऊन उभा राहिला. पावसात भिजून आला होता, शर्टाला ओल्या मातीचा वास.

“एक दाना काढा, बाकीचे कॉपी करा. काहून एवढा जीव काढून राह्यल्या?”

“चातुर्मासात मी रोज तुळशीपुढं तेहतीस गोपद्मं काढते. एकेक. कॉपी केलेलं देवाले कसं चालन?”

“पन हे फ्लेक्स हाय, पौर्णिमा.”

“हात तर तोच आहे न...”

तो लोंबीवर वाकला. पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती. मग म्हणाला, “काढा एकेक. वेळ लागते... बरंच हाय ते.”

माझे कान तापले. त्या लोंबीला मग आणखी दाणे आले.

गुरुवारी माझं काष्ठमौन असतं, आमच्या गुरुमाउलींनी दिलेलं. संध्याकाळी दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही, लिहायचं नाही, मान हलवून खूणसुद्धा करायची नाही. त्या दिवशी अश्विन दोघांच्या वाटचं बोलायचा. “गुरुवार मले लय आवडते. कोनी उलटून बोलत नाही!”

भादव्यातल्या एका गुरुवारी मात्र तो आला तोच गप्प. मोबाईल या हातातून त्या हातात...

“नागपूरच्या कंपनीचा फोन आलता. चित्रं काढाची नोकरी. पाच वाजेपर्यंत हौ का नाही सांगा म्हनते.” घड्याळात साडेचार. “तुमच्या मनात माझ्यासाठी काही असन... तर मी नाही जात. नसन, तर जातो. सांगा.”

आणि लगेच कपाळावर हात मारला. “अरे देवा! आज गुरुवार!”

दिवा लागायला अजून दोन तास होते. एक शब्द ओठांपर्यंत आला. मी डोळे मिटले, तो गिळला. समोर कीबोर्ड होता, पण लिहिणं म्हणजेही बोलणंच. चित्राबद्दल मात्र गुरुमाउलींनी कधी काही सांगितलं नव्हतं.

मी माऊस धरला. लांब चौकोन, त्यात लहान चौकोन, खाली गोल चाकं. गोंदियावरून नागपूरला नेणारी गाडी! खिडकीत एक गोल ठेवला, वर त्याचे विस्कटलेले केस.

त्यानं पाहिलं. चेहरा उतरला.

“समजलो. जा म्हनता...”

तो दाराकडे वळला. नाही हो, नाही! पण मान हलवता येईना. मी माऊसच टकाटका दाबत राहिले. दोन-तीन-दहा वेळा. तो दारात थांबला, वळला. तेव्हा त्याच खिडकीत मी दुसरा गोल ठेवत होते. लांबट गोलांची वेणी घातली. कपाळावर लाल ठिपका... गळ्यात काळ्या मण्यांची ओळ.

तो जवळ आला. खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“म्हंजे नोकरी सोडाची नाही... अन् एकट्यानंबी जायचं नाही?”

मी हलले नाही. स्क्रीनवरची गाडी तेवढी धूसर झाली. त्यानं माझे भरलेले डोळे पाहिले.

पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यानं फोन लावला. “हौ सर, येतो. फक्त दिवाळीनंतर चालन का? खोली दोघांची पाहा लागते.”

फोन ठेवून माझ्याकडे वळला. “माझ्या आईले आजच तुमच्या घरी पाठवतो. तुमी काही नका बोलू... म्हंजे, तशाबी नाहीच बोलत!”

संध्याकाळी मी दिवा लावला, हात जोडले. बाबा ओसरीत पेपर वाचत होते. फाटक वाजलं. भिजलेली छत्री मिटत एक बाई आत आल्या. अश्विनसारखीच तिरपी मान.

“डोमाजीभाऊचं घर हेच न? मी गोदाबाई, अश्विनची...”

मी पुढे झाले. पाटावर आसन टाकलं आणि दिवसभरातला पहिला शब्द उच्चारला —

“या, आई.”

बाबांच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला.