रिकाम्या सीटवरचा माणूस

कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि ठेवूही नका. पण माझ्या भाचीचं लग्न एका बिघडलेल्या गाडीने जमवलं. साक्षीला मी होतो. विजेच्या गाड्यांच्या कारखान्यामागे चाचणीचा रस्ता आहे, तिथे मी पाण्याचा टँकर चालवायचो. ओल्यावर ब्रेक कसे लागतात ते बघायचं असलं की रस्ता मी भिजवायचा. म्हणजे तिथला पाऊस माझ्या हातात. ढगसुद्धा मला विचारून यायचे.

भाची तिथली तपासनीस. दोष दिसला की गाडी नापास, मग साहेब रडो की ओरडो. सगळे तिला ‘नापासबाई’च म्हणायचे. एके दिवशी ती नवी गाडी घेऊन एकटी निघाली, मागे माझा टँकर. आणि मोकळ्या रस्त्यावर तिची गाडी एकदम गचकन थांबली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. टँकर इतका जवळ जाऊन थांबला, की मधून माशीला पंख मिटून जावं लागलं असतं.

मुख्य कचेरीतून सॉफ्टवेअरवाला आला. प्रोग्रामला सतत जोड लावतो म्हणून त्याचं नाव ‘ठिगळ’. हडकुळा, केस विस्कटलेले, पण हसला की... असो, मी मामा, मी काय सांगणार.

तो तिच्या शेजारी बसला, पट्टा लावला. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. गाडी गरीब गाईसारखी चालली.

“तुम्हाला भास झाला असेल,” तो म्हणाला.

“भास मला होत नाहीत. आणि तुमच्या तोंडाचा पट्टा कधी थांबतो का?”

“गाडी थांबली की.”

साहेब तर सहीसाठी पेन उघडूनच उभे होते. “तो ठीक म्हणतोय ना? मग कर पास. आज माल बाहेर काढायचाय.”

भाची ठिगळकडे वळली. “तुम्ही खाली उतरा. मी एकटी जाते.”

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ती पुढे, मी मागे. या खेपेला मी शहाण्यासारखं अंतर ठेवलं होतं. वळण गेलं, सरळ रस्ता आला... आणि गाडी गचकन थांबली. माझा टँकर ओल्यावर घसरतच गेला, ते ठिगळने पाहिलं. पोरगा असा धावत सुटला, की त्याचा एक बूट मागेच राहिला. त्याने तिच्या गाडीचं दार उघडलं.

“लागलं का?”

“दोष दिसला का ते सांगा.”

“दिसला... आधी लागलं का ते सांगा.”

 त्याचा हात तिच्या मनगटावर होता, आणि तो तिने झटकला नाही. 

मग उलगडा झाला. शेजारच्या रिकाम्या सीटवर गाडीला माणूस दिसायचा, तोही पट्टा न लावलेला. म्हणून ती थांबायची. हा स्वतः पट्टा लावून बसला, की गाडी खूश.

“गाडीच फक्त?” त्याने हळूच विचारलं.

“समोर बघा,” ती म्हणाली. समोर बघण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

साहेबांनी माल रोखला. ठिगळने ठिगळ लावलं, तर काच पुसणारे दांडे थांबेनात. दुसरं लावलं, तर हॉर्न थांबेना. रोज दोघं फेऱ्या मारायची, आणि रोज थोडी कमी भांडायची. पण कचेरीचा हुकूम आधीच आला होता – दोष मिटला की त्याने परत यायचं, पार समुद्रापलीकडे. बिचाऱ्याची कोंडी झाली. काम नीट करावं तर तिला सोडून जायचं. वाईट करावं तर तिच्याच जिवाशी खेळ.

त्याने काम नीट केलं. तिने एकटीने गाडी पळवली, गाडी कुठेही अडली नाही. तिने सही केली – पास. त्याच्याकडे न बघता.

निघायच्या दिवशी तीच त्याला फाटकापर्यंत सोडायला निघाली, त्याच गाडीतून. शेजारून चाललेल्या माझ्या टँकरची तोटी चुकून उघडी राहिली. पाऊस हवाच होता.  फाटक समोर दिसलं... आणि गाडी थांबली. पट्टा लावलेला, रस्ता मोकळा, तरीही.

“दोष अजून आहे,” ती समोर बघत म्हणाली. काच खाली होती, आणि माझे कान तिखट. “म्हणजे... तुम्हाला जाता येणार नाही.”

“दोष सापडेपर्यंत?”

“हो.”

“आणि सापडलाच नाही तर?”

“तर... राहा ना.” त्याच्याकडे वळून ती म्हणाली, “राहा ना रे.”

राहिला. आता आमचा जावई आहे. अजूनही सुट्टीच्या दिवशी तो प्रोग्राम उघडून बसतो. ओळ न् ओळ चाळली, पण त्या दिवशी गाडी का थांबली ते काही सापडत नाही. म्हणून सांगतो पोरांनो, यंत्रालाही मन असतं. ती गाडी आपणहून थांबली –

“मामा, किती खोटं बोलशील?” आतल्या खोलीतून भाची म्हणाली. “गाडी थांबली नव्हती. मी थांबवली होती.”