पिशवीतलं पाणी

मासा मेला तेव्हा टाकीतलं पाणी अगदी नितळ होतं. तापमान सव्वीस अंश, प्राणवायू भरपूर, विषारी असं काहीच नाही. नोंदूने सगळं दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा तेच निघालं. मग मासा मेला कशाने?

ही गोष्ट २०४७ सालची, अमरावतीची. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, तरी अकरा वर्षांच्या शाल्मलीने आणि तिच्या आजोबांनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली होती. आजोबा समुद्रशास्त्रज्ञ. त्यांची पंचवीस वर्षं संशोधन जहाजांवर गेली होती. नळाच्या पाण्यात समुद्री क्षार मिसळून त्यांनी पाणी तयार केलं आणि घाण पचवणारे जिवाणू आधी वाढावेत म्हणून दोन महिने टाकीत मासा सोडला नाही. मोजमापांसाठी नोंदू हा छोटा यंत्रमानव होता.

शनिवारी सकाळी कोकणातल्या मत्स्यबीज केंद्रातून ड्रोनने पिशवी आली. आत अंगठ्याएवढा फुलपाखरू मासा होता, पिवळाधमक, डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला. पंधरा मिनिटं पिशवी टाकीत तरंगत ठेवून आजोबांनी तापमान सारखं करून घेतलं आणि मासा अलगद आत सोडला. तो दगडाआड जाऊन बसला. रविवारी सकाळी तो खाईना, त्याचे कल्ले भराभर हलत होते. दुपारी शाल्मली जेवून आली, तर तो वाळूवर आडवा पडला होता. त्याचं नावसुद्धा अजून ठरलं नव्हतं.

मग तिने आजोबांना सांगितलं, की मासा नीट दिसावा म्हणून तिने काल टाकीत हात घालून दगड सरकवला होता.

"माझ्यामुळे घाबरून मेला तो," ती म्हणाली.

एवढ्याने मासा मरत नाही, असं आजोबांनी सांगितलं, पण खरं कारण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी नोंदूला विचारलं, काही मोजायचं राहिलं का?

"पिशवीतलं पाणी राहिलं," नोंदू म्हणाला. "शनिवारी मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

इथेही समुद्राचं पाणी, तिथेही समुद्राचं पाणी, मग मोजायचं कशाला, असं आजोबा तेव्हा म्हणाले होते. पिशवी अजून मोरीत होती, तोंड बांधलेली, तळाशी थोडं पाणी असलेली. नोंदूने क्षारता (पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं प्रमाण) मोजली. पिशवीत लिटरला चोवीस ग्रॅम, टाकीत पस्तीस. केंद्रात फोन केल्यावर कळलं, की परजीवी (दुसऱ्या जिवाच्या अंगावर जगणारे जीव) वाढू नयेत म्हणून तिथलं पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात.

पण थोड्याशा क्षारांनी एवढं काय होतं, हे शाल्मलीला कळेना. आजोबांनी काकडी चिरली, चकत्यांना मीठ लावलं आणि तिला बघत राहायला सांगितलं. थोड्या वेळाने ताटलीत पाणी साठलं. चकत्या मऊ पडल्या.

पेशींवरच्या पातळ पडद्यातून पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. याला परासरण म्हणतात. समुद्री माशाचं रक्त समुद्राहून पुष्कळ कमी खारट असतं. म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं. तो समुद्राचं पाणी पिऊन ती तूट भरून काढतो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. बाहेरचं पाणी हळूहळू खारट झालं, तर कल्ल्यांतल्या पेशी आपलं काम वाढवतात. त्याला वेळ लागतो.

"म्हणजे तो पाण्यात असूनही सुकत होता?" शाल्मलीने विचारलं.

"हो. आणि आपण त्याला वेळच दिला नाही." आजोबांनी ताटली बाजूला सारली. "आपण नाही, मी. चूक माझी आहे, शाल्मली. मला सगळं माहीत होतं, म्हणून मी मोजलं नाही."

आजोबांना असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. ती त्यांच्याजवळ सरकून बसली. दोघांनी मिळून अंगणात शेवग्याखाली मासा पुरला.

त्या आठवड्यात शाल्मलीने केंद्राला पत्र लिहिलं, की प्रत्येक पिशवीवर आतल्या पाण्याची क्षारता छापा. त्यांनी ते मान्य केलं. दुसरा मासा मागवायचा का, असं आजोबांनी विचारलं, तेव्हा मात्र ती इतक्यात नको म्हणाली. तिला आधी एक गोष्ट समजून घ्यायची होती. खाडीतले बोय मासे भरती-ओहोटीबरोबर कमीजास्त खारट पाण्यात सहज फिरतात, असं आजोबांकडून तिला कळलं होतं. ते कसं जमतं, हे तिला बघायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत कोकणातल्या खाडीवर जायचं ठरलं. शाल्मलीने नवी वही काढली आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहिला: माशाला किती वेळ दिला म्हणजे पुरतो?