‘दार’ या शब्दानंतर

जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखर काढणं हे तिचं काम. संग्रहालयाच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून ती दिवसभर बसे. “मेलेल्यांच्या गप्पा चोरून ऐकतेस,” नवरा चिडवायचा.

त्या आठवड्यात मेणाच्या नळकांड्या आल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी, परक्यांचं राज्य असताना, भाषेचा अभ्यास करणाऱ्या एका साहेबाने तुरुंगातल्या बायकांकडून शब्द वदवून या नळकांड्यांवर मुद्रित केले होते. एका नळकांडीवर नुसतीच चिठ्ठी होती: ‘कैदी क्रमांक चाळीस. “दार” या शब्दाला उत्तर नाही.’ तुरुंगाचं दप्तर सांगत होतं की त्याच महिन्यात तेरा कैदी बायका तापाने दगावल्या.

तिने त्या नळकांडीची संगणकावरची प्रत लावली. साहेब म्हणे, “पाणी.” बाई म्हणे, “पाणी.”

“हात.” “हात.”

“दार.”

पुढे खरखर.

तिने खरखरीचा एक थर उतरवला. खाली श्वास होता. आणखी एक उतरवला.

“बाहेरून कडी होती.”

हेडफोन काढून ती बाहेर गेली, तोंडावर पाणी मारून आली. पुन्हा लावलं.

“ताप नव्हता. धूर होता. तेराजणी आत दार बडवत होत्या.” आवाज इतका जवळ, की तिचा कान गरम झाला. “कुणी ऐकतंय का?”

“मी ऐकतेय, बाई. सांगा,” तिच्या तोंडून निघून गेलं.

मग नावं आली. सावकाश, एकेक. तिने तेराही संग्रहालयाच्या नोंदवहीत उतरवली आणि तिथला ‘ताप’ खोडला.

संग्रहप्रमुखांनी हेडफोन लावून ऐकलं. “मला तर नुसती खरखर येतेय. हे उद्या माझ्या गळ्याशी येईल. खोडा ती नावं.”

“नाही खोडणार, सर.”

“मग मूळ नळकांडीच वाजवू. होऊन जाऊ दे.”

जुन्या यंत्राच्या कर्ण्यातून शब्द आले. पाणी. हात. दार. खरखर.

“बघा,” ते म्हणाले.

कर्ण्यातून बारीक, पण स्वच्छ आवाज आला. “मी ऐकतेय, बाई. सांगा.”

प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. त्यांनी नोंदवही तिच्याकडे सरकवली.

कर्ण्यात खुर्ची करकरली.

“कोण बोललं?” साहेबाने दरडावलं.

बाई गप्प.

बुटांचा आवाज सुरू झाला. तो कर्ण्याकडे आला आणि अगदी तोंडाशी येऊन थांबला.